काटा खरं सांगतो का?

दूधकाढणी यंत्राच्या पाइपवरचा व्हॅक्यूमचा काटा गोठ्याच्या ओलाव्यात वर्षानुवर्षे राहून चुकू लागतो. गाय बिचारी लाथ झाडण्यापलीकडे तक्रार करू शकत नाही. ओढ जास्त झाली तर सडाचे टोक कडक, खरबरीत होते आणि कासदाहाला वाट मिळते. कमी पडली तर कप घसरतात, धार लांबते.

खरा आकडा डिजिटल व्हॅक्यूम मीटर दाखवतो. पण तो पंपाजवळ नव्हे, कपांजवळच्या नळीला जोडून, पान्हा भरात असताना वाचायचा. तिथे सरासरी ३२ ते ४२ किलोपास्कल हवेत. पाइपवर ठीक आणि इथे कमी दिसले, तर फाटलेले रबर, अरुंद नळी किंवा क्लॉचे तुंबलेले बारीक छिद्र शोधावे. पुष्कळदा मात्र आधी पंपाचीच ओढ वाढवली जाते.