पगडी गेली, टक्कल उरले

बडोदे संस्थान १९४९ साली विलीन झाले. तोवर आमचे वडील दरबारात गात ते पगडी घालून; खाली केस किती, याची चौकशी कोणी करीत नसे. आता गवई उघड्या डोक्याने बसतो. माझा एक तरुण शिष्य सुरेल आहे, पण मैफल ठरली की त्याचा अर्धा जीव कपाळावर केस ओढण्यात जातो. त्यास हसू नये. हे टक्कल बहुधा आनुवंशिक, आईकडूनही येते. पुरुषी संप्रेरकाने केसांची मुळे बारीक होत जातात. तेथे तेल काय करणार? मिनॉक्सिडिल, मूळचे रक्तदाबाचे औषध, लावून काहींस गुण येतो. सोडले की केस पुन्हा गळतात. डॉक्टरांस विचारावे, नाहीतर खुशाल वस्तरा फिरवावा. गुरुबंधूंनी मात्र ‘चंद्र उगवला’ ही थट्टा आवरावी. तेवढ्याने तो पोरगा तार षड्जावर आवाज चोरतो.