पांझरेचा पाट आणि तापीकाठची केळी

कापूस घरात थांबतो, ज्वारी पेवात थांबते. केळीचा घड मात्र कोणासाठीही थांबत नाही. अकरा-बारा महिने पोटच्या लेकरासारखी जोपासलेली बाग एकदा कापणीस आली, म्हणजे तिच्या धन्याजवळ वाट पाहण्याचे दिवस मोजकेच उरतात. घड झाडावर राहिला तर पिकून फुटतो, कापून ठेवला तर काळा पडतो, आणि ही निकड बागायतदाराला जेवढी ठाऊक असते तेवढीच ती बांधावर उभ्या असलेल्या व्यापाऱ्यालाही ठाऊक असते. सौद्यात ज्याला थांबता येत नाही, त्याला बोलताही येत नाही. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा आणि मुक्ताईनगर या तालुक्यांत केळी उत्पादकांचे जे संघ, ज्या सोसायट्या आणि जी मंडळे उभी राहिली, त्यांचे मूळ या एका अडचणीत आहे.

एखाद्या पिकाच्या उत्पादकांचा संघ शेतकऱ्याच्या आणि गावाच्या कोणत्या कामी येतो, या प्रश्नाचा विचार करताना आपण बहुधा भावाकडे पाहतो. संघाने चार पैसे अधिक मिळवून दिले की नाही, एवढ्यावर त्याची किंमत ठरवतो. परंतु सुकाळात लाभ वाटून घेणे कोणालाही साधते. तुटीच्या वर्षी नुकसान कोणी किती सोसावयाचे, याचा नियम ज्या संघाने तूट येण्यापूर्वीच करून ठेवलेला असतो, तोच संघ पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. आणि हे तत्त्व समजून घेण्यासाठी खानदेशी माणसाला दूर जाण्याचे कारण नाही, कारण त्याचा जिवंत पाठ धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठी शेकडो वर्षे चाललेला आहे.

साक्री आणि धुळे तालुक्यांतून वाहणाऱ्या पांझरेवर, आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांवरही, दगडी बंधारे घालून पाटाने पाणी फिरविण्याची जी पद्धती इंग्रजी अमलाच्या पुष्कळ आधीपासून रूढ होती, तिला फड पद्धती म्हणतात. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या साऱ्या जमिनीचे बहुधा चार भाग पाडावयाचे, त्या प्रत्येक भागास फड म्हणावयाचे, आणि एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यावयाचे. एकात ऊस असेल, तर दुसऱ्यात हंगामी पीक, आणि पुढच्या वर्षी ही पिके फिरती ठेवावयाची, म्हणजे जमिनीचा कस राहतो आणि पाण्याचा हिशेबही सोपा होतो. पाटाचे पाणी शेताशेतांत सोडणारा पाटकरी, उभ्या पिकाची राखण करणारा जागल्या आणि या साऱ्यांवर देखरेख ठेवणारा हवालदार, हे नोकर गावाने नेमावयाचे आणि त्यांचा मेहनताना लाभधारकांनी आपापल्या जमिनीच्या प्रमाणात, पुष्कळदा धान्याच्याच रूपाने, द्यावयाचा. पाटातील गाळ काढण्याचे कामही त्याच प्रमाणात वाटलेले असे.

या व्यवस्थेतील खरे शहाणपण मात्र दुष्काळाच्या वर्षी दिसून येते. गावातील शेतकऱ्याचे जमिनीचे तुकडे सामान्यतः निरनिराळ्या फडांत विखुरलेले असत. म्हणून नदीला पाणी कमी आले की पंच मंडळी एखादा फड त्या वर्षापुरता पाण्यावाचून ठेवीत आणि उरलेल्या फडांना पुरेसे पाणी देत. बंद राहिलेल्या फडात सर्वांचीच थोडीथोडी जमीन असल्यामुळे तूट एका कोणाच्या माथी बसत नसे, आणि पाटाच्या शेपटीकडचा शेतकरी मुखाकडच्या शेतकऱ्याइतकाच हक्कदार राहत असे. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यानंतरही ही व्यवस्था मोडली नाही. १८७९ च्या मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे कायद्याने अशा जुन्या बंधाऱ्यांस दुसऱ्या वर्गाच्या कामांत स्थान दिले, परंतु रोजचा कारभार गावाकडेच राहिला. पुढे नद्यांच्या वरच्या अंगास धरणे झाली, विहिरींवर विजेचे पंप बसले, ज्याला स्वतःचे पाणी मिळाले त्याला फडाची शिस्त जाचक वाटू लागली, आणि अनेक ठिकाणी ही पद्धती क्षीण झाली. महाराष्ट्राने २००५ साली सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोपविणारा कायदा केला, तेव्हा ज्या कल्पनेस नवे नाव मिळाले, ती पांझरेकाठच्या हवालदाराला आणि पाटकऱ्याला नवी नव्हती.

१९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेश म्हणजे पुढचा धुळे जिल्हा, आणि पूर्व खानदेश म्हणजे आजचे जळगाव. पूर्वेकडच्या बागायतदाराचा प्रश्न पाण्याच्या वाटणीपेक्षा बाजाराचा अधिक होता. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत उतरत आलेली खोल काळी जमीन, सुकी, भोकर, मोर यांसारख्या नद्यांनी आणलेला गाळ आणि विहिरींचे मुबलक पाणी, यांमुळे केळीस हा मुलूख मानवला. परंतु जळगावच्या केळीला खरे पाय फुटले ते लोहमार्गामुळे. मुंबईहून भुसावळ, खांडवा, इटारसीवरून जबलपूरकडे गेलेला मार्ग १८७० साली कलकत्त्याच्या मार्गास जोडला गेला, आणि या मार्गावरील सावदा, निंभोरा व रावेर ही लहानशी स्थानके कालांतराने उत्तर हिंदुस्थानाच्या फळबाजाराची दारे झाली. दिल्लीच्या गिऱ्हाइकाला जळगावची केळी मिळू लागली खरी. पण जळगावच्या शेतकऱ्याला दिल्लीचा अडत्या कसा दिसावा? माल गाडीत भरला की तो डोळ्यांआड होई, आणि मग पट्टीवर लिहून येईल तो भाव, लागेल ती अडत व हमाली, आणि वाटेत झालेल्या नासाडीचा आकडा मुकाट्याने मान्य करावा लागे.

१९०४ चा सहकारी कायदा केवळ पतपुरवठ्याच्या संस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने विक्रीच्या संस्थांसही मार्ग मोकळा करून दिला, आणि त्याच वाटेने पूर्व खानदेशात केळीच्या विक्रीसाठी सहकारी संस्था निघाल्या. त्यांचे इंग्रजी नाव लोकांनी आपल्या जिभेला रुळवून घेतले. आजही या भागात जुनी माणसे ‘फ्रूटसेल’ एवढेच म्हणतात आणि ऐकणाऱ्यास सोसायटी कोणती ते समजते. सभासदांचा माल एकत्र करावयाचा, रेल्वेकडे वॅगनची मागणी नोंदवावयाची, परगावच्या अडत्याशी संस्थेच्या नावाने व्यवहार करावयाचा, पट्टी आली की रक्कम सभासदाच्या खात्यावर जमा करावयाची, आणि मधल्या काळात खतासाठी उचल द्यावयाची, ही कामे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची होती. वॅगन वेळेवर न मिळाल्याने स्थानकावर पडून राहणारा माल हे त्या काळाचे मोठे दुःख होते. त्यासाठी बागायतदारांच्या युनियन झाल्या, आणि रेल्वेच्या कचेरीत त्यांचे प्रतिनिधी जाऊन बसू लागले. २०२० साली किसान रेल्वे सुरू झाली आणि रावेर-सावद्याची केळी दिल्लीच्या आदर्शनगरकडे रवाना होऊ लागली, ती याच जुन्या खटपटीची पुढची पायरी होती.

याच मुलखात, यावल तालुक्यातील फैजपूर येथे, डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे, म्हणजे काँग्रेसचे, खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, आणि तेथे शेतीविषयक कार्यक्रम संमत झाला. धनाजी नाना चौधरींसारख्या कार्यकर्त्यांनी ते अधिवेशन उभे केले. गावच्या माणसांनी एकत्र येऊन देशाचे काम पेलता येते हा जो आत्मविश्वास त्या दिवसांनी दिला, त्याची ऊब या भागातील सहकारी संस्थांस आणि शाळांस पुढे दीर्घकाळ मिळाली.

आज मालाचा मोठा भाग ट्रकने जातो आणि सौदा पुष्कळदा शेतातच होतो. यास शिवार खरेदी म्हणतात. नवती (नव्या लागवडीचा माल), पिलबाग (खोडव्याचा माल) आणि वापसी (नाकारलेला हलका माल) अशा प्रतवारीने दररोज भाव निघतात, शेजारच्या बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे साऱ्यांचे कान असतात, आणि तरीही जाहीर भाव व प्रत्यक्ष हाती पडलेला भाव यांत अंतर पडते. २०१६ साली फळे व भाजीपाला यांचा बाजार समितीबाहेरील व्यवहार राज्यात मुक्त झाला; त्यामुळे शेतकऱ्यास विक्रीची मोकळीक मिळाली, तशी व्यापाऱ्याने पैसे बुडविल्यास दाद कोठे मागावी ही चिंताही वाढली. संघटित बागायतदाराची गरज अशा रीतीने कमी झालेली नाही.

उत्पादनाच्या बाजूस मात्र या जिल्ह्याने मोठी झेप घेतली. पूर्वीच्या बसराई, श्रीमंती, महालक्ष्मी या वाणांच्या जोडीस उतिसंवर्धित ग्रँड नैन आले. जामनेर तालुक्यातील वाकोदचे भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी जळगावात उभारलेल्या उद्योगाने ठिबक सिंचन आणि उतिसंवर्धित रोपे शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेली. जळगावचे केळी संशोधन केंद्र मृगबाग आणि कांदेबाग या दोन्ही लागवडींसाठी मार्गदर्शन करीत आले. २०१६ साली ‘जळगाव केळी’स भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्याचा अर्ज रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राने केलेला होता. त्याच तांदलवाडीतून २०२१ साली मानांकित केळीचे २२ टन फळ दुबईस गेले. एका खेड्यातील शेतकऱ्यांच्या गटाने साऱ्या जिल्ह्याच्या पिकास नाव मिळवून द्यावे, यापेक्षा संघबळाचा अधिक बोलका दाखला कोणता?

परंतु केळी या पिकाच्या ठायीच एक मोठे भय दडलेले आहे. वर सांगितलेले सारे वाण कॅव्हेंडिश या एकाच कुळातले. बी नसलेले फळ कंदापासून किंवा उतींपासून वाढविले जात असल्यामुळे एका बागेतील झाड दुसऱ्या बागेतील झाडाचे जणू प्रतिरूप असते, आणि रोगाला एक झाड जिंकता आले की सारे शिवार जिंकता येते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारावर राज्य करणारे ग्रॉस मिशेल हे वाण पनामा मर रोगाने असेच हटविले. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावल भागात कुकुंबर मोझॅक विषाणूने, ज्याला आपल्याकडे ‘हरण्या’ म्हणतात, कोवळ्या बागांवर घाला घातला. या रोगावर औषध नाही. मावा किडीचा बंदोबस्त करणे आणि रोगट झाड दिसताच मुळासकट उपटून नष्ट करणे एवढाच उपाय.

येथे संघधर्माची खरी परीक्षा आहे. जो शेतकरी आपली रोगट झाडे वेळीच उपटतो, तो शेजाऱ्याची बाग वाचवितो. पण रोपांचा, खताचा आणि वाया गेलेल्या हंगामाचा तोटा एकटा सोसतो. जो आशेने झाडे ठेवतो, तो आपले थोडे वाचवू पाहताना सर्वांचे घालवितो. पंचनामा होऊन सरकारी मदत येईपर्यंत पुष्कळ काळ जातो, आणि हवामानावर आधारित फळपीक विमा थंडीचा चरका, उन्हाळ्याची झळ किंवा वादळी वारा यांसाठी योजलेला आहे. नुकसान सर्वांनी वाटून घेण्याचा नियम पांझरेच्या फडाने पाण्यासाठी केला. केळीच्या संघांनी तो रोगासाठी करावयास हवा.

त्यासाठी निधी लागतो, आणि निधी कसा उभारावा याची उदाहरणे जगात आहेत. अमेरिकेतील वराहपालकांनी १९८५ च्या कायद्यान्वये स्वतःवर एक लहानशी पट्टी बसवून घेतली. आरंभी १०० डॉलरच्या विक्रीमागे २५ सेंट, म्हणजे शेकडा पाव, इतकीच ती होती. प्रत्येक जनावराच्या विक्रीतून वसूल होणाऱ्या या रकमेचा वाटा राज्याराज्यांतील उत्पादक संघांकडे जातो आणि तो संशोधन, प्रचार व शिक्षण यांवर खर्च होतो. आपल्याकडेही अशा उदाहरणांची उणीव नाही. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० पासून बागायतदारांच्या वर्गणीवर आणि जिद्दीवर उभा आहे. कुक्कुटपालकांनी १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या नेतृत्वाखाली अंडी समन्वय समिती स्थापून भाव जाहीर करण्याचा अधिकार आपल्या हाती घेतला. केळीच्या प्रत्येक क्विंटलमागे रुपया-दोन रुपये बाजूस पडले, तर रोगनिवारणाचा निधी, रोपांची तपासणी आणि बुडालेल्या पैशांसाठी न्यायालयीन साहाय्य ही तिन्ही कामे जिल्ह्यातल्या जिल्ह्यात होऊ शकतील. शिवार खरेदीत ही वसुली सोपी नाही, हे मान्य. परंतु पाटकऱ्याचे धान्य खळ्यावरून मोजून देणारी माणसेही आपल्यासारखीच होती.

अशा निधीवर केवळ बागेच्या धन्याचा हक्क असू नये. घड कापणारे, ते डोक्यावरून बांधापर्यंत वाहणारे आणि ट्रकमध्ये केळीच्या पानांची गादी घालून रचणारे हात पुष्कळदा भूमिहीन कुटुंबांचे असतात. हंगाम बुडाला की पहिली मजुरी त्यांची बुडते. महामार्गाकडेला केळीचे वेफर्स तळून विकणाऱ्या कुटुंबांचा संसारही याच पिकावर चालतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्या मुलांस केळी देण्याचे ठरविले, आणि २०२५ च्या आरंभी त्याचा सरकारी खर्च थांबविला. ज्या तालुक्यांत वापसीचा माल भावाअभावी बांधावर टाकला जातो, तेथील शाळांत तरी हे फळ पोराबाळांच्या हाती पडावे, यासाठी संघाने शासनाची वाट पाहू नये.

शेवटी पाण्याकडे यावे लागते. ठिबकामुळे बागा वाढल्या. बागा वाढल्या तसे रावेर-यावलचे भूजल खोल गेले, आणि एकाची कूपनलिका शेजाऱ्याची विहीर आटवू लागली. येथेही प्रश्न तोच आहे: तूट कोणी किती सोसावयाची? पांझरेकाठच्या पंचांनी उत्तर देताना बलवान शेतकरी कोण आणि दुबळा कोण हे पाहिले नाही; त्यांनी एक फड कोरडा ठेवला, आणि त्या कोरड्या फडात त्यांची स्वतःचीही जमीन होती.