मासा मेला कशाने?

वडवणीसारख्या अवर्षणाच्या मुलखात मेलेल्या माशांवर बोलावयाचे म्हणजे कोणीही विचारील की, आमचा आणि माशांचा संबंध काय? आमची कुंडलिका वर्षातले कित्येक महिने नुसती वाळू दाखवते. परंतु संबंध आहे, आणि तो कोयत्याचा आहे. दिवाळी सरली की या तालुक्यातली माणसे कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस तोडावयास जातात आणि कोप्या घालून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तिथेच राहतात. याच नद्यांत मेलेल्या माशांचा खच पडतो. पंचगंगेवर शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्यापाशी तो अनेकदा पडला. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या बाजूस कृष्णेतही पडला. मार्चमध्ये आपल्या पुष्कळ टोळ्या फडातच असतात, आणि ज्या पाण्यात मासा जगला नाही त्याच काठावर टोळीतली बाई हंडा घेऊन जाते.

असे काही घडले की काठावर दोन तर्क तयार असतात. कोणी विष कालवले, हा एक. उन्हाने मेले, हा दुसरा. पहिल्यात संशय जाळे टाकणाऱ्यावर नाहीतर परमुलखातल्या टोळीवर जातो, दुसऱ्यात तो कोणावरच जात नाही. कामगारांच्या अपघातांच्या चौकश्या आम्ही जन्मभर पाहिल्या. यंत्र थंड होण्याच्या आत ‘चूक मजुराची’ हा निकाल लिहून झालेला असतो. माशांचेही तसेच होते. म्हणून चौकशी कशी करावी, हे थोडे सविस्तर सांगतो.

मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. हा वायू पाण्यात फार थोडा मावतो. वीस अंश उष्णतेच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. म्हणजे ‘उन्हाने मेले’ यात सत्याचा अंश आहे, पण अंशच. हे प्रमाण चार-पाचच्या खाली गेले की पुष्कळ मासे कासावीस होतात, दोनच्या खाली गेले की त्यांचे मरण सुरू होते. साडेसातावरून दोनावर नुसते ऊन आणीत नाही. तिथे दुसरा कोणीतरी जेवायला बसलेला असतो. हे जेवणारे म्हणजे सूक्ष्म जंतू. पाण्यात कुजण्याजोगा पदार्थ पडला की जंतू तो खातात आणि खाताना प्राणवायू ओढतात. शहरी सांडपाण्याच्या एका लिटरला असा दोन-तीनशे मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या कच्च्या स्पेंटवॉशच्या लिटरला चाळीस हजार मिलिग्रॅम आणि त्याहूनही अधिक लागतो. आता हिशेब करावा. लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम बाळगणाऱ्या नदीच्या पाण्याचे पाच हजारांहून अधिक लिटर असे एक लिटर नासवू शकते. आणि मद्यार्काच्या एका लिटरमागे हे पाणी साधारण आठ ते पंधरा लिटर निघते. अर्थात एकट्या कारखान्याकडे बोट दाखवून भागत नाही. कोल्हापूर आणि इचलकरंजी या शहरांचे मैलापाणीही पंचगंगेतच आले आहे, आणि बंधाऱ्याला बरगे घातले की ते तुंबून राहते.

पण विष की गुदमरणे, हे ओळखावयाचे कसे? प्रेत थोडेबहुत बोलते. गुदमरून मेलेल्या माशाचे तोंड पुष्कळदा उघडे असते, कल्ले फाकलेले असतात. अशा वेळी बहुधा मोठे मासे आधी जातात. मरण्यापूर्वी पहाटे ते पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करीत असतात, आणि हे रात्री फिरणाऱ्या माणसाने पाहिलेले असते. त्याला कोणी विचारीत नाही, इतकेच. विषाने मात्र लहान-थोर एकदम जातात, बेडूक-खेकडेही जातात, आणि दिवसाची वेळ पाळीत नाहीत. रोगाचे मरण रेंगाळत येते, बहुधा एकाच जातीत, अंगावर व्रण ठेवून. आम्हांला यातली सर्वांत उपयोगाची साक्ष वाटते ती मरळीची. मरळ वर येऊन हवा पिते. पाण्यातला प्राणवायू संपला तरी तग धरते. बाकीचे मेले आणि मरळ जिवंत, तर प्राणवायू संपल्याचा संशय बळावतो. मरळही उलटी पडली, तर प्रश्न निराळा.

आणखी एक गोष्ट. मेलेला मासा बहुधा आधी बुडतो. पोटात कुजून वायू धरला म्हणजे वर येतो. ऊन पाण्यात याला दिवस-दोन दिवस लागतात, थंड पाण्यात अधिक. तोवर पाणी पुढे गेलेले असते. म्हणून जिथे खच दिसला तिथलेच पाणी तपासणे म्हणजे चोर पळाल्यावर रिकामी खोली मोजणे होय. वरच्या अंगाला चालत जावे लागते, आणि नाला येऊन मिळतो त्याच्या वरचे व खालचे पाणी निरनिराळे घ्यावे लागते.

जपानात मिनामाता येथे समुद्रात मासे उलटे तरंगू लागले, मासे खाणारी मांजरे वेडीवाकडी नाचून मरू लागली. माणसांचा आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला. कारण होते चिस्सो कंपनीच्या सांडपाण्यातला पारा. कारखान्याच्याच इस्पितळातल्या डॉ. होसोकावा यांनी १९५९ मध्ये ते सांडपाणी मांजराला देऊन तोच आजार उत्पन्न केला, आणि ते कंपनीने दडवले. सरकारने कारण मान्य करावयास १९६८ उजाडले. त्याच वर्षी तेथील कामगार संघटनेने, या आजाराविरुद्ध आपण लढलो नाही याची शरम वाटते, असा ठराव केला. संघटनेच्या कामात केस पांढरे केलेल्या माणसाला हा ठराव वाचून स्वस्थ बसवत नाही.

आपल्याकडे कायदा जुना आहे. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला, मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले. १९७४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्यातल्या एकविसाव्या कलमात कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना कसा घ्यावा, त्याचे दोन भाग कसे करावे, मोहोर आणि सह्या कशा असाव्या, हे सारे लिहिलेले आहे. ही रीत चुकली तर नमुना पुरावा म्हणून टिकत नाही. टोळीने म्हणूनच बाटल्या भरण्याच्या भरीस पडू नये. तिने वेळ लिहून ठेवावी: मासे वर येताना प्रथम कधी दिसले, पाण्याचा रंग व वास कसा होता, कोणत्या जाती मेल्या, कोणत्या जिवंत होत्या. अर्धमेला मासा मिळाल्यास बर्फात ठेवावा. कुजलेल्याचा उपयोग नाही. आणि अधिकाऱ्यांस निरोप धाडावयाचा तो रात्रीच. ऊन चढले की शेवाळ प्राणवायू सोडू लागते, आणि पहाटे ज्या डोहात मासा गुदमरला त्याच डोहाचे पाणी दुपारी दोन वाजता तपासणीत चांगले ठरू शकते.