पंचाहत्तर टक्क्यांचा हिशेब
(लेखांक ७)

महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेला नियमित विद्यार्थी म्हणून बसायचे तर मान्यताप्राप्त शाळेच्या पटावर नाव लागते आणि किमान ७५ टक्के हजेरी लागते. गुणांची अट त्यानंतरची. प्रत्येक विषयात १०० पैकी ३५ गुण हवेत, हे घराघरांत माहीत असते. हजेरीची अट मात्र शाळेतून निरोप येईपर्यंत पुष्कळ पालकांच्या कानावरही पडलेली नसते. निरोप येतो तो बहुधा डिसेंबर-जानेवारीत, आणि तोवर बुडालेले दिवस भरून काढण्याइतके दिवस वर्षात उरलेले नसतात.

ही परीक्षा घेणारे महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले. त्यापूर्वी विदर्भाचे स्वतंत्र माध्यमिक शिक्षण मंडळ नागपुरात होते. आज बुलढाणा जिल्हा मंडळाच्या अमरावती विभागात मोडतो. देऊळघाटच्या विद्यार्थ्याची हजेरी कमी भरली तर त्याचा कागद अमरावतीच्या विभागीय मंडळाकडे जातो.

देऊळघाट हे बुलढाणा शहराजवळचे, पैनगंगेच्या काठचे, घाटावरचे मोठे गाव. शेती पावसावर, त्यामुळे गावाचे वर्ष शेताच्या कामांनी आखलेले. विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. त्या उघडतात तेव्हा पेरणी चालू असते. जुलै-ऑगस्टात निंदण, मग मूग-उडदाच्या शेंगा तोडणे, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची सोंगणी, त्यानंतर कापसाची वेचणी, ती जानेवारीपर्यंत पुरते. फेब्रुवारी-मार्चात हरभरा काढायला येतो. त्याच दिवसांत बोर्डाचे पेपर असतात आणि होळीच्या सुमारास जिल्ह्यातली सैलानीची मोठी यात्राही भरते. शाळेच्या वेळापत्रकाला दिवाळीची सुट्टी ठाऊक आहे, वेचणी ठाऊक नाही.

गैरहजेरी कशी साचते ते हजेरीपटातल्या नववीच्या एखाद्या मुलीच्या ओळीवर बोट ठेवून पाहता येते. वर्षाचे कामाचे दिवस २२० धरले तर ७५ टक्के म्हणजे १६५ दिवस. चुकवता येतात ते ५५. निंदणाला नऊ दिवस गेले. सोंगणीला दहा. वेचणीत आईबरोबर वीस दिवस, कारण वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि दोन हात वाढले की तेवढा कापूस वाढतो. घरच्या लग्नात सात दिवस, तापात पाच, आई बाहेरगावी गेली तेव्हा धाकट्या भावाला सांभाळायला सहा. बेरीज ५७. यातला एकही दिवस उनाडपणाचा नाही. एकेका दिवसाची चिठ्ठी मागितली तर घरचे प्रामाणिकपणे लिहून देतील. तरी मुलीची हजेरी १६३ दिवस भरते, ७४ टक्क्यांच्या किंचित वर, आणि दोन दिवसांनी ती अटीच्या खाली जाते.

सलग महिनाभर न येणारे मूल शिक्षकाच्या नजरेत भरते, त्याच्या घरी कोणीतरी जाऊन येते. आठवड्याला एक-दीड दिवस गळणारे मूल मात्र वर्गात कायम दिसतच असते. सोमवारी नसले तरी मंगळवारी असते, हजेरी घेताना आवाज येतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी अलीकडच्या वर्षांत याच मुलांसाठी वेगळे माप लावले आहे: वर्षातले दहा टक्के दिवस बुडाले, कारण काहीही असो, की ते मूल चिंतेच्या यादीत. २२० दिवसांच्या वर्षाला हे माप लावले तर बाविसाव्या दिवशीच शाळेने घर गाठायला हवे. आपल्याकडची रेषा ५५ दिवसांवर आहे, आणि ती चौकशीची रेषा म्हणून वापरलीच जात नाही. ती वापरली जाते परीक्षेची दारे बंद करायला. सोयाबीनच्या सोंगणीपर्यंत वरच्या मुलीचे १९ दिवस गेलेले असतात. त्या आठवड्यात कोणी तिच्या आईशी बोलले असते तर वेचणीचे वीस दिवस निदान दहावर आणता आले असते.

हजेरी भरूनही गैरहजेरीचा फटका चुकत नाही, कारण तो गुणांतूनही बसतो. दहावीत भाषा विषयाची लेखी परीक्षा ८० गुणांची, उरलेले २० तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे. गणितात ४० गुणांचे दोन पेपर आणि २० गुण अंतर्गत. विज्ञानात तसेच दोन पेपर आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. उत्तीर्ण होण्यासाठी दोन्ही मिळून ३५ लागतात. हे २० गुण मार्चमध्ये एका बैठकीत कमावता येत नाहीत. प्रयोगवही वर्षभर भरावी लागते, गृहपाठ तपासून घ्यावा लागतो. ज्या दिवशी वर्गात प्रयोग झाला त्या दिवशी शेतात असलेली मुलगी नंतर मैत्रिणीची वही उतरवून घेते. वहीत आकृती येते, निरीक्षणाचे आकडेही येतात, पण परीक्षकाने एखादा साधा प्रश्न विचारला की ती गप्प होते. जिला लेखीत ८० पैकी २०-२२ मिळण्याची शक्यता आहे, तिला हे २० गुणच पास-नापास ठरवतात.

याहून मोठा प्रश्न असा की नववी-दहावीत पोहोचेपर्यंत या मुलीला हजेरी म्हणजे काय हे कोणी दाखवलेलेच नसते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याच्या मूळ कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला मागच्या वर्गात ठेवता येत नव्हते. हे कलम चांगल्या हेतूने आले होते: नापासाचा शिक्का बसला की गरिबाचे मूल शाळा सोडते, हा अनुभव त्यामागे होता, आणि तो खरा होता. २०१९ मध्ये केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून राज्यांना मोकळीक दिली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने नियम बदलून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. तीत नापास झालेल्याला पुनर्परीक्षेची संधी असते. पण हजेरीचा हिशेब या दोन्ही व्यवस्थांत कुठे भक्कम बसत नाही. सहावीत ५७ दिवस बुडाले तरी सातवी मिळते, सातवीत ६० बुडाले तरी आठवी मिळते. चुकलेले अपूर्णांक आणि समीकरणे मात्र कुठेच जात नाहीत. ती नववीच्या गणितात एकदम समोर येतात, आणि त्याच वर्षी हजेरीची अटही पहिल्यांदा खरी वाटू लागते.

चौदावे वर्ष इथे निर्णायक ठरते. ते पूर्ण झाले की शिक्षण हक्काच्या कायद्याचे संरक्षण संपते. बालमजुरीच्या कायद्याचेही तसेच आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे, घरच्या कामात मदत करता येते ती शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत. १४ ते १८ वयाच्या मुलांना बंदी आहे ती धोकादायक कामांपुरती. म्हणजे नववीत गेलेली मुलगी दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला गेली तर शाळेत राहण्याची सक्ती तिला नाही आणि कामावर जाण्याची मनाईही नाही. ज्या वर्षी अभ्यास सर्वांत अवघड होतो आणि मजुरीला ती सर्वांत उपयोगी पडू लागते, त्याच वर्षी दोन्ही कायदे तिचा हात सोडतात. दहावीपर्यंतचे शिक्षण सक्तीच्या कक्षेत आणल्याशिवाय ७५ टक्क्यांची अट न्याय्य म्हणता येणार नाही.

सक्तीचा भार कोणी वाहायचा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये सक्ती संस्थानभर नेली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला तिथे दरमहा एक रुपया दंड होता. त्या काळचा रुपया मजुराला जड जाणारा होता. दंडाची ही रीत पुढे मागे पडली आणि आजच्या कायद्यात मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हणून नोंदले आहे, त्यासाठी शिक्षा नाही. गरीब आईला दंड करून वेचणी थांबणार नाही, त्यामुळे ते योग्यच झाले. पण दंड नाहीसा झालेला नाही. घरातल्या मोठ्यांनी घेतलेल्या निर्णयाची किंमत आता पंधरा वर्षांची मुलगी परीक्षेचे वर्ष गमावून देते.

दंडाऐवजी हातभार लावण्याचे प्रयत्नही झाले. १९९२ पासून दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्त समाजांतील पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. त्यालाही अट ७५ टक्क्यांचीच. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, आणि खेड्यातली मुलगी तालुक्याच्या शाळेत टिकली त्यात या पासाचा वाटा फार मोठा आहे. कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांची मुले मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली, पण ती आठवीपर्यंतच्या मुलांसाठी. नववी-दहावीचे विद्यार्थी इथेही बाहेर राहतात.

शाळेच्या बाजूने पाहिले तर हजेरीपट हा साधा कागद नाही. शिक्षकांची पदे पटसंख्येवर मंजूर होतात, तिला संचमान्यता म्हणतात. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. त्यामुळे न येणाऱ्या मुलाचे नाव काढायला शाळा कचरते. एका अर्थी ते बरे, कारण नाव कटलेले मूल परत येणे अवघड. पण त्याच भीतीतून हजेरी ‘लावून’ घेण्याची सवय लागते. नांदेड जिल्ह्यातल्या तपासणीनंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली, आणि निम्म्याहून अधिक विद्यार्थी गैरहजर आढळलेल्या शाळा चर्चेत आल्या. ४ जुलै २०१५ रोजी शाळाबाह्य मुलांचे एकदिवसीय सर्वेक्षण झाले. महिन्याहून अधिक काळ सलग गैरहजर असलेले मूलही शाळाबाह्य मानायचे, ही व्याख्या त्यानिमित्ताने सर्वांसमोर आली. अकरावी-बारावीत चित्र उलटे आहे. तिथे खासगी क्लासला जाणारी सुस्थितीतली मुले वर्ग रिकामे ठेवतात, म्हणून २०१८ मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. दोन्ही मुले कागदावर सारखीच गैरहजर. पण एकाने वर्ग सोडला तो दुसऱ्या वर्गासाठी, आणि दुसरीने सोडला तो कापसाच्या शेतासाठी.

हजेरी कमी भरल्यावर करायच्या गोष्टी थोड्या आहेत आणि त्या वेळेवर केल्या तरच उपयोगी. आजारपणासारखे सबळ कारण असेल तर तूट माफ करण्याचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे पाठवता येतो. त्याला पालकांचा अर्ज आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. टायफॉइडमध्ये तीन आठवडे अंथरुणावर असलेल्या मुलाच्या घरी औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवलेल्या असल्या तर हे काम सोपे होते. वेचणीचे प्रमाणपत्र कोणताही डॉक्टर देत नाही. बोर्डाचे आवेदनपत्र साधारण दिवाळीच्या आगेमागे भरले जाते, तेव्हा हजेरीचे वर्ष निम्मेही झालेले नसते. फॉर्म भरला म्हणजे परीक्षा नक्की, असा समज त्यातून होतो आणि तो चुकीचा आहे.

नियमित वाट बंद झाली तर सतरा नंबरचा फॉर्म उरतो. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन विद्यार्थी खासगीरीत्या दहावीला बसू शकतो. मंडळ त्याला एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून देते, आणि अंतर्गत गुणांची कामे तिथेच पूर्ण करायची असतात. हजेरीची अट नाही, अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका त्याच. मराठीप्रमाणे उर्दूतूनही पेपर लिहिता येतो. दुसरी वाट मुक्त विद्यालयाची: राष्ट्रीय संस्था १९८९ पासून आहे, राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ २०१७ नंतरचे. या वाटांनी दहावी झालेल्या गुणपत्रिका पुढच्या प्रवेशाला चालतात. लग्न होऊन सासरी गेलेल्या, मूल कडेवर असलेल्या बाया आज सतरा नंबरवर दहावी देतात, आणि त्यांच्यापैकी कित्येकींचे नाव एकेकाळी कुठल्यातरी शाळेच्या हजेरीपटावर होते. सतरा नंबरची मुदत नियमित फॉर्मच्या आसपासच, पावसाळ्याच्या शेवटी ते दिवाळीपर्यंत येते. जानेवारीत हजेरी अडली असे कळलेल्या विद्यार्थ्याला त्या वर्षीची ती मुदतही निघून गेलेली असते. म्हणून सप्टेंबरअखेरची, सोंगणीला सुरुवात होतानाची हजेरी मोजून ती पालकांना लेखी कळवणे, हे शाळेचे वर्षातले सर्वांत उपयोगी काम ठरते.