नागपूर, रामन आणि प्रकाशाचे पुंज

भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन १९१० मध्ये काही काळ नागपुरात होते, पण सरकारी वित्त खात्यातले अधिकारी म्हणून. गांधीसागर तलावासमोरचं, १९९२ मध्ये सुरू झालेलं विज्ञान केंद्र त्यांच्याच नावाचं. तिथे जाल तेव्हा त्यांचा शोध नीट समजून घ्या. ऊर्जा ठरावीक मापाच्या तुकड्यांत, म्हणजे पुंजांत, दिली-घेतली जाते असं सांगणाऱ्या पुंजवादाचा (क्वांटम सिद्धांताचा) इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

२८ फेब्रुवारी १९२८, कोलकाता. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी पाऱ्याच्या दिव्याचा एकरंगी प्रकाश द्रवातून सोडला. वर्णपटात मूळ रेषेशेजारी नव्या, फिकट रेषा उमटल्या. प्रकाशाचा पुंज रेणूवर आदळतो, रेणू ठरावीक मापाचीच ऊर्जा ठेवून घेतो आणि उरलेला प्रकाश लाल रंगाकडे सरकतो. ऊर्जेच्या वरच्या पायरीवरचा रेणू उलट ऊर्जा देतो, तेव्हा रेषा निळ्याकडे जाते. असे रेणू मोजकेच, म्हणून निळ्या बाजूच्या रेषा आणखी फिकट. हा फरक पुंजवादाशिवाय उलगडत नाही.

कोट्यवधी पुंजांत एखाद्याचाच रंग असा बदलतो! १९३० मध्ये रामन यांना नोबेल मिळालं. प्रत्येक पदार्थाच्या या रेषा वेगळ्या, त्यामुळे मंगळावरची ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडी २०२१ पासून त्यांवरूनही तिथल्या खडकांतली खनिजं ओळखते आहे.