चिंच, राख आणि कडप्प्याचा ओटा

बँकेत छत्तीस वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या नोंदी तपासल्या. पण आपल्या घरातली मोरी कशानं धुतली जाते, याची चौकशी साठी उलटेपर्यंत मी कधी केली नव्हती. ती करावी लागली २०२१ च्या दिवाळीआधी. घरात आवराआवर चालली होती. सौ.नं न्हाणीघरात ब्लीचिंग पावडर टाकली आणि डाग निघेनात म्हणून तिच्यावर संडास धुण्याचं ॲसिड ओतलं. खिडकी बंद होती. पाचएक मिनिटांत ती खोकत, डोळे चोळत बाहेर आली आणि भिंतीला टेकून खालीच बसली. श्वास घेता येईना. दोन दिवस रुग्णालयात काढावे लागले. ‘‘तुमच्या बाथरूममध्ये क्लोरीन वायू तयार झाला,’’ असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममध्ये ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्यानं सोडला होता, तोच हा वायू! माझ्या एका कादंबरीत त्यावर चार पानं आहेत. आमच्या मोरीतल्या दोन डब्यांत तो निजलेला आहे, हे मात्र मला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मी जाहीर केलं की, यापुढे साफसफाई माझ्याकडे आणि तीही फक्त स्वयंपाकघरातल्या जिनसांनी. सौ. काही बोलली नाही. तिचं न बोलणं हा आमच्याकडे शेराच असतो.

माझ्यापुढे आदर्श होता आईचा. कोकणातल्या आमच्या घरी मागच्या पडवीत चुलीतली राख चाळून एका फुटक्या डब्यात भरलेली असे. शेजारी नारळाची शेंडी आणि करवंटीत भिजवलेली चिंच, नाहीतर सोलकढी करून उरलेली आमसुलं. ‘‘तांब्यापितळेला आंबट, तेलकटाला राख. आणि कल्हईच्या आतल्या अंगाला आंबट लावायचं नाही हो!’’ एवढंच तिचं शास्त्र. आज पुस्तकं उघडून पाहिल्यावर कळतं, की त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. लाकडाच्या राखेत क्षार असतो; तो तेलातुपाला भिडला, की भांड्यावरच थोडा साबण तयार होतो. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवतं. घासून झालं, की ती भांडं लगेच भरपूर पाण्यानं धुऊन पंचानं कोरडं करी, कारण आंबटाचा अंश राहिला तर दुसऱ्या दिवशी हिरवट डाग पडतात. समई आणि ताम्हण ती दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे.

पण खरं सांगायचं, तर त्या पडवीतली तिची बोटंही मला आठवतात. पेरापेरांना भेगा पडलेल्या असत. रात्री ती कोकमाच्या तेलाचा गोळा दिव्यावर जरा ऊन करून त्या भेगांत भरी. कोकमाच्या सालीनं पितळ लखलखायचं आणि त्याच्याच बियांच्या तेलानं हात बरे व्हायचे. ‘जुनं ते किती छान’ म्हणणाऱ्यांत आम्ही पुरुषच अधिक असतो, आणि आमच्यापैकी फार थोड्यांनी कधी पातेलं घासलेलं असतं.

तर मी कामाला लागलो. आमच्याकडे बोअरचं जड पाणी. नळांवर पांढरी पुटं चढलेली. वाण्याकडून लिंबूसत्त्व आणलं, कोमट पाण्यात विरघळवलं, त्यात फडकं भिजवून नळाला गुंडाळलं. अर्ध्या तासात पूट निघालं. त्या उत्साहात मी उरलेलं पाणी ओट्यावर ओतलं आणि वर्तमानपत्र वाचायला बसलो. परत येऊन पाहतो, तर काळ्याभोर कडप्प्यावर परातीएवढा पांढुरका, खरखरीत डाग! पुसून जाईना, कारण तो मळ नव्हताच. कडप्पा हा चुनखडीचाच दगड. शहाबादी फरशी आणि संगमरवरही त्याच कुळातले. नळावर साचतो तो चुना आणि ओट्याच्या दगडातला चुना लिंबाला सारखेच. कुठला मळ आणि कुठलं घर, हे लिंबाला कळत नाही. ते घासणाऱ्याला कळावं लागतं. आईला कळत होतं.

दुसरी फजिती व्हिनेगर आणि खाण्याच्या सोड्याची. दोन्ही एकत्र केले, की असा काही फेस उसळतो, की पाहणाऱ्याला वाटावं आता घराण्याची सात पिढ्यांची घाण निघणार. पण आम्ल आणि क्षार एकमेकांना मारून मोकळे होतात. फेस जिरला, की खाली राहतं ते जवळजवळ खारट पाणीच. बँकेच्या भाषेत, जमा आणि नावे सारखे, शिल्लक शून्य. सोडा सोडा म्हणूनच वापरावा, करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी घालून उकळायला. ॲल्युमिनियमच्या भांड्यात नको, ते काळं पडतं.

आणि ज्या गोष्टीनं मी हा उद्योग आरंभला, ती सांगायची राहिली. ब्लीचिंग पावडरीवर व्हिनेगर किंवा लिंबू पडलं, तरीही क्लोरीनच निघतो. घरगुती म्हणून आम्ल निरुपद्रवी होत नाही. आमच्याकडे आता ब्लीचिंग पावडर वेगळ्या फळीवर असते. घरात पातळ जुलाबाचं दुखणं आलं, तर तिच्याशिवाय गत्यंतर नाही, पण ती एकटी, नुसत्या पाण्यात आणि खिडकी उघडी ठेवून. बाकी रोजच्या फरशीला साबणाचं पाणी पुरतं.

श्रावणात समई घासताना मी चिंच भिजत घातली होती. सौ. मागं येऊन उभी राहिली. ‘‘अहो, ते वाडगं ओट्यावर ठेवू नका,’’ एवढंच म्हणाली आणि जुन्या डागावर ठेवलेलं पोळपाट तिनं थोडं सरकवून नीट केलं.