व्यायामाचे व्हिडिओ गेम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘गेम खेळून कसला व्यायाम होतो?’ असं सरसकट विचारलं जातं, आणि चूक तिथेच होते. उत्तर गेमगणिक बदलतं.

श्रम मोजण्याचं एक एकक आहे, मेट. स्वस्थ बसल्यावर शरीर जेवढी ऊर्जा वापरतं तो एक मेट. तीन ते सहा मेट म्हणजे मध्यम व्यायाम, त्यापुढे जोरकस. संशोधक वापरतात त्या २०११च्या श्रमसूचीत निन्टेन्डोच्या ‘वी फिट’मधल्या तोल सांभाळण्याच्या खेळांना आणि योगासनांना २.३ मेट दिले आहेत, त्यातल्याच एरोबिक प्रकारांना ३.८, तर ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’सारख्या जोरकस खेळाला ७.२. म्हणजे एकात दमही लागत नाही, दुसऱ्यात घामाच्या धारा लागतात.

एवढा फरक कशाने पडतो? यंत्र नेमकं काय मोजतं, यावर बरंच अवलंबून आहे. १९९८ साली जपानी आर्केडमध्ये आलेल्या ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’मध्ये बाण पायांखाली असतात, पाऊल वेळेवर पडलं नाही तर गुण नाहीत, त्यामुळे अख्खं शरीर हलवावंच लागतं. उलट निन्टेन्डोच्या ‘वी’ या गेमयंत्रावरचा टेनिसचा खेळ फक्त हातातल्या रिमोटची हालचाल पाहतो. सोफ्यावर बसून मनगट झटकलं तरी चेंडू पलीकडे जातो. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २००७ मध्ये किशोरांची किती ऊर्जा खर्च होते ते तपासलं: ‘वी’वर खेळताना, बसून खेळायच्या गेमपेक्षा ऊर्जा जास्त खर्च झाली, पण खऱ्या मैदानी खेळाइतकी नाही.

‘यंत्र पाहतंय, म्हणजे माझी पद्धत बरोबरच असणार,’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. २०१९च्या ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’ या गेमचं उदाहरण घ्या. त्यात हातात धरायची कडी किती दाबली वा ताणली ते यंत्राला कळतं, आणि मांडीच्या पट्ट्यातल्या जॉय-कॉन या छोट्या रिमोटवरून मांडीचा कल कळतो. उठाबशा काढताना मांडी पुरेशी खाली गेली की शाबासकी मिळते. तुमची पाठ वाकली आहे का, गुडघे आत वळताहेत का, हे त्याला दिसत नाही. ‘वी फिट’मध्ये ज्यावर उभं राहायचं त्या फळीच्या चार कोपऱ्यांत सेन्सर आहेत, पण ते भार कुठे पडतोय एवढंच सांगतात. जुनी गुडघेदुखी वा कंबरदुखी असेल त्यांनी आधी एकदा फिजिओथेरपिस्टसमोर या हालचाली करून दाखवाव्यात.

‘गेम घेऊन दिला की मुलं आपोआप हलतील’ हीही आशा फोल ठरली आहे. ह्यूस्टनमधल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांना नवे ‘वी’ दिले. काहींना हालचालीचे गेम, काहींना बसून खेळायचे. बारा आठवड्यांत दोन्ही गटांच्या एकूण हालचालीत फरक दिसला नाही. घरच्यांनी सोबत खेळायला उभं राहावं, हा माझा आग्रह त्यातूनच आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. दमवणारा गेम त्या मिनिटांत खुशाल धरावा.

‘फ्लॅटमध्ये उड्या कशा मारायच्या?’ ही अडचण मात्र खरी आहे, आणि जपानी घरांतही ती आहेच. ‘रिंग फिट’मध्ये त्यासाठी आवाज न करणारा पर्याय आहे: जागच्या जागी धावण्याऐवजी पाय जमिनीवर टेकवूनच गुडघे वाकवत खाली-वर व्हायचं.